कानात सांगायचं नाव

माझं नाव इथे लिहीत नाही. मी जन्मले त्या दिवशी वादळानं आमच्या तुर्भ्याच्या घराचे पत्रे उडवले आणि वडिलांनी हौसेनं त्या वादळाचंच नाव मला ठेवलं, एवढं पुरे. मुळात मी भित्री. पण शाळेत कुठे भांडण झालं की पोरी मलाच पुढे ढकलायच्या. "हिला पाठव, नाव बघ ना हिचं." मी भीतभीत जायचे, आणि काम व्हायचं. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' असं कुणी म्हणू नये म्हणून की काय, हळूहळू मी खरंच तोंडाळ झाले.

गेल्या महिन्यात धाकट्या भावाच्या मुलीचं बारसं होतं, उलव्याला, त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. आत्या मी एकटीच, त्यामुळे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. मी विजेवरून एक नाव सुचवलं. भावजय हळूच म्हणाली, "ताई, प्लीज, साधंसं ठेवू या. तुमच्यासारखं नको, लोक हसतात." तिनं फुलाचं नाव ठरवून ठेवलं होतं. मी बरं म्हटलं, पण मनाला फार लागलं.

बारशाच्या दिवशी पाळणा सजला, बायका जमल्या, आणि सोसायटीचे सेक्रेटरी दारात येऊन उभे राहिले. दुसऱ्यांचं बुकिंग आहे, हॉल लगेच रिकामा करा म्हणे. भाऊ नुसता हात चोळत राहिला. भावजयीचे डोळे भरले. मग सवयीनं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी उठले. "काका, आमचं बुकिंग संध्याकाळपर्यंत आहे. पोरीचं नाव ठेवल्याशिवाय इथून कुणी हलणार नाय. तुमी पण बसा, घुगऱ्या खाऊन जा."

काका जरा घुटमळले, मग बसले. घुगऱ्या दोनदा मागून घेतल्या त्यांनी.

मी पाळण्यावर वाकले. बायकांनी 'कुर्रर्र' करत माझ्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली, आमच्यात आत्याला ते चुकत नाहीत. ठरल्याप्रमाणे मी बाळाच्या कानात फुलाचं नाव सांगितलं. मान वर करणार, तोच भावजय माझ्याजवळ वाकली.

"ताई, तुमचं नाव पण सांगा तिला. नुसतं कानात. कधी लागलं तर असू दे तिच्याजवळ."

धपाटे चालूच होते. मी पुन्हा वाकले आणि माझं नाव सांगितलं. इतक्या हळू आवाजात ते मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.