चार वाजताचा पेला

माझा मामा चाळीस वर्षं हॉटेलात आचारी होता. आमटीत मीठ कमी पडलंय हे तो नुसत्या वाफेवरून सांगायचा. भर बाजारातला छोटा वाइन बार त्यानेच हेरला होता. आदल्या दिवशी उघडलेल्या बाटल्या तिथे दुपारी चारनंतर निम्म्या किमतीत मिळत. "चव तीच, दाम अर्धा," म्हणत स्वारी खूश असायची.

घशाच्या आजारावर किरणांचे उपचार झाल्यावर महिन्याभराने तो मला तिथे घेऊन गेला. एक घोट घेऊन त्याने पेला माझ्याकडे सरकवला. "घे, सोनं आहे!"

मी घोट घेतला आणि दातच आंबले. शुद्ध सिरका! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गल्ल्यावरच्या बाईला फैलावर घ्यायला मी उठले, तसा मामाने माझा हात धरला. तो मघापासून माझ्या तोंडाकडेच बघत होता.

"आंबलीये ना?" त्याने हळूच विचारलं. "मला सगळंच पाण्यासारखं लागतं गं. घरी बोलू नकोस."

मग उरलेला पेला त्याने सावकाश संपवला. पैसे मोजून घेतलेलं टाकून देणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.