मनगटात मनगट

आमच्या महाविद्यालयात वादाला निमित्त लागत नाही. तरी दर वर्षी साखर कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आधीच्या रविवारी जो वाद होतो, त्याची सर दुसऱ्या कशालाच नाही. त्या दिवशी कबड्डीचे जुने खेळाडू गावोगावहून येतात, शिकत असलेल्या पोरांशी एक सामना खेळतात, बहुतेक वेळा हरतात, आणि मग मैदानाकडेच्या कडुलिंबाखाली भेळ खात बसतात. शनिवार कधीच धरत नाहीत, कारण शनिवारी शिंगणापूरच्या गाड्यांनी आमचा रस्ता तुंबलेला असतो. भेळ संपते आणि विषय निघतो: आपली जी पोरं टीव्हीवरच्या व्यावसायिक कबड्डीत खेळली, त्यांच्यातला सगळ्यात भारी हंगाम कुणाचा?

मी या कॉलेजचा ग्रंथपाल. कबड्डी कधी खेळलो नाही. मी चढाईला गेलो असतो तर समोरच्यांनी मला धरण्याऐवजी सावरलं असतं. पण कॉलेजच्या सामन्यांचं गुणपत्रक वीस वर्षं मीच लिहीत आलो आहे, आणि पुराव्याशिवाय कुणी ठासून बोललं की माझं डोकं फिरतं. लोकांना सामना आठवत नाही, सामन्यानंतरची मिरवणूक तेवढी आठवते. मी मध्ये बोललो की जुने खेळाडू हसतात. म्हणतात, सर, तुम्ही उंटावरून शेळ्या हाका. मी हाकतो.

गेल्या वर्षी मात्र वादाला निकाल हवा होता. जिमखान्याला नवा रंग दिला होता आणि प्राचार्यांनी ठरवलं, की एका भिंतीवर एका खेळाडूचा मोठा फोटो लावायचा आणि खाली त्याच्या सर्वोत्तम हंगामाबद्दल आठ ओळी. एकच फोटो का, असं मी विचारलं. उरलेल्या तीन भिंतींवर देणगीदारांची नावं होती. खेळाडू कोण ते जुन्यांनी एकमताने सांगावं आणि आठ ओळी मी लिहाव्यात, असं ठरलं.

नावं दोनच चर्चेत होती. एक कोपरगावकडचा चढाईपटू, चार हंगाम खेळलेला, आता दाढी कोरून मोटारीतून येणारा. त्याच्याकडची मंडळी त्याचंच घोडं पुढे दामटत. आपला तो बाब्या. दुसरा सोनईचा, उजव्या कोपऱ्यात उभा राहून पकडी करणारा, म्हणून सगळे त्याला कॉर्नर म्हणत. त्याचा दुसरा हंगाम असा झाला होता की त्याच्या पकडी बघायला सोनईत दुकानं लवकर बंद होत. पारडं त्याच्याच बाजूला झुकलेलं होतं.

तिसराही एक व्यावसायिक खेळाडू आमच्याकडे होता, पण त्याचं नाव कुणी घेत नसे. तो पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावचा; आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जाणारे. तो कॉर्नरच्या शेजारी उभा राहायचा, त्या जागेला कव्हर म्हणतात, म्हणून तोही कव्हर. दोघांनी हात धरायचे आणि चढाई करणारा आत आला की त्याला मधोमध आवळायचं. ही साखळी पकड. कॉलेजात ही जोडी होती आणि नशीब असं, की कॉर्नरच्या दुसऱ्या हंगामाच्या लिलावात दोघं एकाच संघात गेले. कव्हर तो एकच हंगाम खेळला. बाद फेरीच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, दोघांची साखळी तुटली, चढाईवाला मधून निघून गेला आणि संघ हरला. कव्हरचा हात सुटला, असं समालोचक म्हणाले. टीव्हीने ते तीनदा दाखवलं. पुढच्या लिलावात त्याला कुणी घेतलं नाही.

आता तो कारखान्याच्या वजनकाट्यावर आहे. त्याच्या गावात त्या सामन्यासाठी देवळापुढे मोठा पडदा लावला होता, त्यामुळे सगळ्या गावाने एकदम पाहिलं. तेव्हापासून कुणाचा बैल दावं तोडून पळाला, तरी लोक विचारायचे, दावं ह्याच्या हातात हुतं का. हे त्याच्या वडिलांच्या तोंडावर विचारायचे. वडिलांनी पारावर बसणं सोडलं, एवढं मला ठाऊक होतं. तो आमच्या रविवारच्या सामन्याला यायचा, डाव्या टोकाला उभा राहून खेळायचा आणि भेळीआधी निघून जायचा.

आठ ओळी लिहायच्या म्हणजे आधी पाहायला हवं. कॉर्नरच्या त्या हंगामाचे सगळे सामने मोबाईलवर मिळतात. परीक्षा संपल्या होत्या, वाचनालयात चिटपाखरू नव्हतं. मी दुपारी दार लोटून घ्यायचो आणि जुन्या सवयीने कोऱ्या गुणपत्रकावर पेन्सिलीने लिहीत बघायचो. तीन-चार सामन्यांनंतर मला एक गंमत दिसली. पकडीचा गुण एकाच्याच नावावर लागतो, आणि साखळीत तो बहुधा कॉर्नरला मिळत होता, कारण आधी झडप त्याची असे. पण झडप घालता यावी म्हणून वाट अडवून उभा राहायचा तो कव्हर. मग मी कॉर्नरचा पुढचा हंगाम काढला. शेजारी दुसराच कुणी होता आणि याच्या पकडी निम्म्याहून खाली आल्या होत्या. मला मजा वाटायला लागली. ज्याला आम्ही एकाचा हंगाम म्हणत होतो तो दोघांचा होता, आणि इतकी वर्षं वाद घालणाऱ्यांपैकी एकालाही हे दिसलं नव्हतं. मलाही नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे.

तो शेवटचा सामना मी मुद्दाम मागे ठेवला होता. पाहिला आणि पुन्हा पाहिला. समालोचक म्हणत होते तसंच दिसत होतं: कव्हर फेकला गेला होता, चढाईवाला दोघांच्या मधून निसटला होता. मी चित्र थांबवत थांबवत पुढे नेलं आणि एका जागी माझी पेन्सिल थांबली.

इथे आमच्या कॉलेजची एक रीत सांगायला हवी. बाकीचे खेळाडू साखळीत पंजात पंजा धरतात. आमचे क्रीडाशिक्षक तसं धरू देत नसत. मनगटात मनगट, असं ते ओरडायचे. याने त्याचं मनगट धरायचं, त्याने याचं. सरावाआधी दोघांनी एकमेकांच्या मनगटाला मैदानातली माती चोळायची. त्यांचं म्हणणं, पंजा सुटला की दोघांचा सुटतो आणि कुणाचा आधी ते देवालाही कळत नाही. मनगटाचं तसं नाही, एकाने बोटं उघडली तरी दुसऱ्याची मिटलेली राहतात; एकट्याच्या पकडीवर साखळी टिकत नाही, पण कुणी सोडलं ते कळतं. समालोचकांना ही रीत कुठून माहीत असणार? त्यांनी कोण पडला ते पाहिलं. मी हात पाहिले. साखळी तुटल्यानंतर जमिनीवर आदळेपर्यंत कव्हरची बोटं मिटलेली होती, बादलीची कडी धरावी तशी. कॉर्नरचा पंजा पुरता उघडा होता.

खरं सांगायचं तर मला आधी आनंद झाला. कोडं सुटल्याचा आनंद, दुसऱ्या कशाचा नाही. घरी जेवताना तो ओसरला. सहा वर्षं एका माणसाच्या बापाला पारावर बसता येत नव्हतं, आणि त्या माणसाचा हात सुटला नव्हता याचा पुरावा माझ्या खिशात होता. मी तो सगळ्यांना पाठवून मोकळा झालो असतो तर कव्हरचं नाव धुऊन निघालं असतं. पण कॉर्नरला मी तो अठरा वर्षांचा असल्यापासून ओळखतो. वाचनालयाचं पुस्तक त्याने कधी उशिरा दिलं नाही. शिवाय चित्र म्हणजे चित्र. कुणाचा हात का उघडला हे त्यात दिसत नाही. ते मला जाणून घ्यायचं होतं.

रविवारी मी लवकर गेलो. कव्हर आला तेव्हा त्याला म्हटलं, आज चहा घेतल्याशिवाय जायचं नाही, मला काम आहे. तो म्हणाला, व्हय सर, थांबतो की. मग मी कॉर्नरजवळ गेलो. तो पायरीवर बसून गुडघ्याला पट्टी बांधत होता. मी मोबाईल काढला नाही. नुसतं विचारलं, "बाळा, त्या सामन्यात बोटं आधी कुणी उघडली?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पट्टी नीट बांधलेली होती ती सोडली आणि परत बांधायला लागला. मला उत्तर मिळालं होतं, आणि विचारलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

सामना सुरू झाला तेव्हा कॉर्नर उजव्या कोपऱ्यात गेला आणि त्याने मैदानापलीकडे हाक मारून कव्हरला आपल्या शेजारी बोलावलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. कव्हर क्षणभर तिथेच उभा राहिला, मग आला. कॉर्नर वाकला, चिमूटभर माती उचलली आणि कव्हरच्या मनगटाला चोळली. कव्हरने त्याच्या मनगटाला चोळली. त्यांनी दोन पकडी केल्या. तरी जुने हरलेच.

भेळ आली. कोपरगावकरांनी आपलं म्हणणं मांडलं, सोनईकरांनी ते खोडून काढलं, आणि हात वर करा म्हटल्यावर बहुतेक हात कॉर्नरसाठी वर गेले. चढाईपटूनेही मोठ्या मनाने वर केला. कव्हरचाही हात वर होता. कुणीतरी मला म्हणालं, लिहा सर आता आठ ओळी. मी पेनाचं टोपण काढलं खरं, पण लिहिलं काही नाही.

कॉर्नर उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आभार मानतोय. तो म्हणाला की ते गुण त्याच्या एकट्याचे नव्हते, पण ते राहू द्या.  "त्या म्याचमदी हात मी सोडला हुता," तो म्हणाला. "खांदा आदल्या दिवशीच निखळल्यावानी झाल्ता. कोचला सांगितलं असतं तर बाहेर बसावं लागलं असतं. रेडर अंगावर आला आन मी घाबरलो. ह्याच्या हातून काय सुटलं न्हाई."

 सोनईच्या एकाने मान खाली घातली. मला त्या पोराचा राग यायला हवा होता आणि आला नाही. सहा वर्षं हे पोटात ठेवून तो दर वर्षी त्याच मैदानावर उभा राहत होता, याची दया आली. सगळे कव्हरकडे बघत होते. तो चहाच्या कपाकडे बघत होता.

"ठाऊक हाय," कव्हर म्हणाला. "तुजी बोटं माज्याच मनगटावर हुती. उगडली ती तवाच कळली मला."

 कुणीतरी विचारलं, मग इतकी वर्षं गप्प का राहिलास? तुझ्या बापाला लोक काय काय बोलले. तेव्हा बोलायचं होतंस.

कव्हरने कप खाली ठेवला. तो रागावलेला नव्हता. असता तर ऐकणं सोपं गेलं असतं.

"म्या सांगून काय उपेग?" तो म्हणाला. "ह्यो सांगंल म्हनून थांबलो हुतो."

भिंतीचं त्या दिवशी काही ठरलं नाही. कॉर्नरने मोटारसायकल काढली, कव्हरला मागे बसवलं, आणि दोघं पाथर्डीच्या रस्त्याला लागले. आधी ह्याच्या वडिलांना सांगायचं, असं कॉर्नर जाताना मला म्हणाला. माझा कागद कोराच होता.