अण्णा आणि कागदातली माणसं

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एकदा विहिरीवर पाण्याला गेले, तर शेजारची बाय जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "तुझा सासरा रोज दुपारचा कुणाला गो एवढा ओरडतो? तुला नाय ना?"

मी हसून नाही म्हटलं, पण तिचा विश्वास बसला नाही. बसावा तरी कसा? आदल्याच दुपारी अण्णांचा आवाज पार देवळापर्यंत गेला होता, "अगो, नको जाऊ त्याच्याबरोबर! तो फसवतोय तुला! बापाचं ऐक जरा!" घरात तेव्हा मी आणि सासूबाई वाल सोलत बसलो होतो. कुणीही कुणाबरोबर कुठंही निघालेलं नव्हतं. निघाली होती ती अण्णांच्या मांडीवरच्या कादंबरीतली मुलगी, आणि अण्णा तिला ओटीवरून मागे बोलावत होते.

याला जबाबदार मीच. कासू स्टेशनापासून आत डोंगराच्या अंगाला आमचं गाव. पावसाळ्यात भात, हिवाळ्यात वाल, एवढंच तिथलं पंचांग. मी पेणची. माहेरून येताना भांड्यांबरोबर एक ट्रंक भरून कादंबऱ्या आणल्या, तेव्हा सासूबाईंनी त्या ट्रंकेकडे असं पाहिलं, जसं काही मी सवतच आणली होती. अण्णांनी मात्र काही दिवस तिच्याकडे लक्षच दिलं नाही. मग बांधावरून घसरून त्यांचा पाय मोडला आणि प्लास्टर घालून ओटीवर बसायची वेळ आली. जुनी सातवी शिकलेला माणूस. रद्दीतले पेपर वाचून संपले, औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचून संपलं. शेवटी मला हाक मारली, "सूनबाई, तुझ्या त्या ट्रंकेत काय काय हाय?"

मी दिली ती पहिलीच कादंबरी भलतीच रडकी होती. संध्याकाळी दिवाबत्तीला ओटीवर गेले तर अण्णा डोळे पुसत होते. मला पाहून म्हणाले, "काय धूर हाय!" चूल तीन खोल्या पलीकडे होती.

पाय बरा झाला तरी वाचन काही सुटलं नाही. उलट धुराचं कारण खरं वाटावं म्हणून अण्णा आपली खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात मांडू लागले. पुस्तकात कुणी मरणार असं वाटलं की सासूबाईंना सांगायचे, "जरा ओली लाकडं घाल." त्यांचं असं बरं चाललं होतं, पण पुढं घरात गॅस आला आणि अण्णांची पंचाईत झाली. शेगडी पेटवल्याच्या दिवशी सगळं घर खूश होतं. अण्णा तेवढे म्हणाले, "ह्याला धूरच नाय? मग काय उपयोग?"

ट्रंक संपली तेव्हा त्यांनी पेणच्या वाचनालयात नाव घातलं. बाजाराचं निमित्त काढून गाडीनं जायचे आणि पिशवीत वर कांदे, खाली कादंबरी असं घेऊन यायचे. वाचनालयाच्या बाईंनी एकदा मला थांबवून तक्रार केली. अण्णांनी एका पुस्तकात नायकाचा प्रवेश होतो तिथंच पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'हा माणूस बेभरवशाचा. जपून.' मी घरी येऊन सांगितलं तर म्हणाले, "मग? रस्त्यात खड्डा दिसला तर मागनं येणाऱ्याला सांगायचं नाय?"

जादूच्या, राक्षसांच्या कादंबऱ्या त्यांनी बऱ्याच उशिरा हातात घेतल्या. रडक्या पुस्तकांवर त्यांचा जसा आंधळा विश्वास, तसा यांच्यावर संशय. राजपुत्र सात डोंगर ओलांडून गेला म्हटलं की अण्णा चष्मा वर करत आणि विचारत, "भाकऱ्या कुणी बांधून दिल्या?" राक्षसाचा जीव पोपटात आहे असं आलं, तर दिवसभर एकच चिंता. "पोपटाला मांजर खाईल, पोपट म्हातारा होईल. जीव असा उघड्यावर ठेवतात व्हय?" पण अशी दहा खुसपटं काढूनही पुस्तक खाली ठेवायचे नाहीत. जेवायला हाक मारली की म्हणायचे, "थांब गो, तो गुहेत अडकलाय."

अशा माणसाच्या घरात, माझी नणंद सुमन हिनं स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं.

सुमन रोह्याला शिवणाच्या क्लासला जायची. गाडीत तिची ओळख मधूशी झाली. मधू रोह्याच्या एका कंपनीत कामाला होता, शिफ्टला याच गाडीनं जायचा. मुलगा सरळ, कमावता, निर्व्यसनी. पण होता खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतला, खारेपाटातला, मिठागरात राबणाऱ्यांच्या घरातला. अण्णांनी ऐकून घेतलं आणि उठून उभे राहिले.

"गोड्या शेतातली पोर खाऱ्यात देऊ? नाय म्हणजे नाय."

सुमननं जेवण टाकलं. सासूबाई देवापाशी बसल्या. माझ्या नवऱ्यानं "मला यातलं काही सांगू नका" म्हणून शेतावर मुक्काम हलवला. मला मात्र राहवेना. मागच्याच महिन्यात एका कादंबरीतल्या बापानं मुलीचं लग्न मोडलं म्हणून हेच अण्णा रात्री जेवले नव्हते. त्या बापाला त्यांनी 'कसाई' म्हटलेलं मी स्वतः ऐकलं होतं.

मी तसं तोंडावर म्हटलं, "अण्णा, कागदातल्या पोरीसाठी तुम्ही उपाशी राहिलात. आता घरातली पोर उपाशी आहे."

अण्णांनी मांडीवरचं पुस्तक खाली ठेवलं. मग म्हणाले, "पुस्तकातला जावई वाईट निघाला तर मी पुस्तक मिटतो, सूनबाई. इथं काय मिटू?"

त्यावर मला एक उपाय सुचला. पुढचा महिनाभर वाचनालयातून अण्णांची पुस्तकं मी आणायला लागले. त्यांना म्हटलं, तुमचा पाय दुखतो, मीच जाते. आणि शोधशोधून हट्टी बापांच्या कादंबऱ्या आणल्या. एका बापाची मुलगी क्षयानं गेली, एकीनं विहीर जवळ केली, एक बाप शेवटी वेडा होऊन मुलीचं नाव घेत स्टेशनवर फिरत राहिला. सासूबाई मला स्वयंपाकघरात हळूच विचारायच्या, "आजचा बाप कसा हाय?" मी म्हणायची, "कालच्याहून वाईट." त्या समाधानानं मान हलवायच्या. त्या ट्रंकेवरचा त्यांचा राग याच महिन्यात गेला.

एका सकाळी अण्णांनी चष्मा काढून माझ्याकडे रोखून पाहिलं.

"सूनबाई, महिना झाला मी वाचतोय. एक बाप धड नाय. पेणला सगळे बाप असेच असतात काय?"

"पुस्तकं मिळतील तशी आणते, अण्णा."

"मग आता राक्षसाचं आण. त्यात बापच नसतो."

मी राक्षसाचं आणलं. पण नशिबानं साथ दिली. त्यात राजकन्येचा बाप निघाला. तो राजा राजकन्येवर प्रेम करणाऱ्या कोळ्याच्या पोराला समुद्राच्या तळाचं फूल आणायला पाठवतो. अण्णांनी ते पुस्तक एका दमात वाचलं, मिटलं, आणि सुमनला हाक मारली.

"त्या तुझ्या मधूला रविवारी बोलाव. राजानं फूल आणायला लावलं. मला फूल नको. मी पुस्तक देणार. वाचून येऊन मला सांगायचं."

पुस्तक कोणतं? तर अण्णांचा जीव की प्राण असलेली ती पहिली, धुरातली कादंबरी. तिच्यात नायिका तापानं फणफणते आणि नायक तिच्या उशाशी बसून रडत राहतो. रडता रडता पहाट होते आणि ती जाते. अण्णांनी ती पाच-सहा वेळा तरी वाचली असेल, आणि शेवटाला दर वेळी नवं रडू.

मधू रविवारी येऊन पुस्तक घेऊन गेला. सुमननं त्याला गाडीत सगळं पढवलं होतं. कुठं उसासा टाकायचा, कुठं 'अरेरे' म्हणायचं, शेवटाला रुमाल कसा काढायचा. त्याच्या पुढच्या रविवारी तो रात्रपाळी करून थेट आला. डोळे तांबडे. सासूबाई माझ्या कानाशी लागल्या, "रडलेला दिसतोय गो!" आम्हाला वाटलं, जिंकलो.

अण्णांनी विचारलं, "वाचलंस?"

"वाचलं."

"रडू कुठं आलं?"

मधूनं रुमालाला हात घातला. सुमनकडे पाहिलं. मग रुमाल तसाच खिशात ठेवून म्हणाला, "खोटं कशाला बोलू? रडू नाय आलं. आधी तर झोपच लागली."

सुमननं कपाळाला हात लावला. अण्णांचा चेहरा उतरला.

"पुढं वाचलंसच नाय?"

"वाचलं की. सगळं वाचलं. पण मला राग आला, अण्णा." मधू आता खुर्चीच्या कडेला आला होता. "ती पोरगी उगाच मेली. तालुक्याचा दवाखाना कुठं लांब होता? पुस्तकातच लिवलंय, नायक सकाळी चालत निघाला की दुपारी तालुक्याच्या बाजाराला पोचतो. मग रात्रभर हा रडत काय बसला? खांद्यावर टाकून निघायचं ना! आमच्याकडं खाडीला भरती असली तरी आम्ही माणूस पाठीवर घेऊन नेतो. रडायला काय, मागनं रडता येतं."

इतकी वर्षं अण्णा त्या नायकाबरोबर रडत बसले होते. उठून चालायला लागावं, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, शेवटाकडची पानं चाळली, परत ठेवलं.

"बाजाराला दुपारी पोचतो असं लिवलंय?"

"हाय ना. सुरवातीलाच हाय."

अण्णा आत वळून म्हणाले, "अगो, चहा टाक. आणि त्याला काय तरी खायला दे, रात्रपाळी करून आलाय."

लग्न वैशाखात झालं. अण्णा दिवसभर वाढप्यांवर ओरडत फिरले. पाठवणीच्या वेळी आम्ही सगळ्यांनी त्यांच्यासाठी टॉवेल तयार ठेवला होता, पण त्यांच्या डोळ्यांत थेंब नव्हता. मधूला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "तिकडं दवाखाना कुठं हाय तेवढं बघून ठेव."

पुढं सुमन आणि मधू रोह्याला खोली घेऊन राहिले. त्यांना दोन मुलं झाली. अण्णा थकले आणि त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही. आधी अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे. मी त्यांना वाचून दाखवू लागले, पण चार दिवसांत त्यांनी मला बडतर्फ केलं. "तूच रडतेस. मला रडायला वेळच नाय मिळत."

मग मधू वाचू लागला. त्याच्या सुट्टीच्या दिवशी रोह्याहून सकाळच्या गाडीनं यायचा आणि ओटीवर अण्णांच्या शेजारी बसून वाचायचा. कंपनीतली नोटीस वाचावी तसं वाचायचा. प्रेमपत्र आणि खुनाची धमकी, दोन्ही एका सुरात. अण्णांना तेच आवडायचं. रडायचं कुठं आणि हसायचं कुठं, ते आपलं आपण ठरवता येतं म्हणायचे.

त्यांचं शेवटचं पुस्तक उडत्या घोड्याचं होतं. एरवी अण्णांनी त्या घोड्याला पंख कुठून फुटले म्हणून पिच्छा पुरवला असता, पण म्हातारपणी त्यांचा त्या घोड्यावर जीव जडला होता. आठवडाभर त्याचीच चौकशी. "पोचला असंल काय गो तो डोंगरावर?" मी ते पुस्तक आधीच वाचलेलं होतं. डोंगरावर पोचतो, धन्याला उतरवतो आणि तिथंच मरतो.

त्या दिवशी मी आत वाल सोलत होते. मधूचा एकसुरी आवाज चालू होता. घोडा डोंगरावर पोचला. धन्याला उतरवलं. गुडघ्यांवर कोसळला. आणि मग मधू थांबला. पान उलटल्याचा आवाज आला. त्यानं घसा खाकरला आणि त्याच सुरात पुढं वाचलं, "नंतर घोडा उठला. त्याने अंग झाडले. धन्याने त्याला भिजवलेले हरभरे दिले. ते त्याने खाल्ले."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"हरभरे?" अण्णांनी विचारलं.

"हां. भिजवलेले."

"डोंगरावर?"

"पिशवीत होते. असं लिवलंय."

अण्णा म्हणाले, "बरं झालं. उपाशी होता बिचारा."

मधू संध्याकाळच्या गाडीला गेल्यावर अण्णांनी मला हाक मारली. जवळ बसवलं.

"सूनबाई, घोडा मरतो ना?"

मला खोटं बोलता येईना. "हो, अण्णा."

"मला हरभऱ्यावरनंच कळलं." ते इतके हसले की खोकला लागला. पाणी पिऊन झाल्यावर माझा हात धरून म्हणाले, "त्याला बोलू नको हां मला कळलं म्हणून. पहिल्यांदाच पुस्तकासाठी काहीतरी केलंन् त्यानं."

त्या वर्षीच्या भाताच्या कापणीपर्यंत अण्णा राहिले नाहीत. बाराव्याला पाहुणे पांगल्यावर मधू स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला.

"वहिनी, एक विचारू? मी अण्णांना त्या घोड्याचं खोटं वाचून दाखवलं होतं. तो मेला होता. मला नाय सांगवलं. त्यांना कळलं असंल काय हो?"

मी गॅस पेटवला, आधण ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून म्हटलं, "छे! त्यांना कसं कळणार? चहात आलं घालू ना?"