रेकॉर्ड न झालेला फोन

अस्मिता रेगे अकरा वर्षं वैमानिकांना फोन करत होती. अंधेरीला एका विमान कंपनीच्या क्रू शेड्युलिंगमध्ये ती कामाला होती. महिन्याचं रोस्टर दुसरा विभाग बनवायचा, पण ते हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून फाटायला लागायचं. कुणी आजारी पडायचं, कुणाचं विमान धुक्यात अडकायचं, कुणाचे उड्डाणाचे तास संपायचे. ती भोकं अस्मिताने बुजवायची. त्यासाठी रोज काही वैमानिक स्टँडबायवर असत. म्हणजे घरीच बसायचं, पण दाढी-आंघोळ करून, इस्त्रीचा युनिफॉर्म तयार ठेवून. फोन आला की दीड तासात विमानतळावर.

स्टँडबायवाल्यांच्या सगळ्या तऱ्हा तिला पाठ होत्या. एकाचा फोन नेमका लिफ्टमध्ये असायचा. एकाच्या मुलाला ताप फक्त लांबच्या फेरीलाच चढायचा. काही जण स्टँडबाय आपसात बदलून घेत आणि वेळ आली की दोघंही म्हणत, आज तो आहे. या सगळ्यांत कॅप्टन सेबॅस्टियन मिरांडा वेगळे. वय अठ्ठावन्न, वाकोल्याच्या जुन्या गावठाणातले ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती, विमानतळापासून वीस मिनिटांवर. फोन उचलत आणि विचारत, "कुठे जायचं?" बस. कधी नाही म्हणाले नाहीत. म्हणून यादीत चार नावं असली तरी अस्मिता पहिला फोन त्यांना करायची. कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, ते जवळ राहतात ना.

इतक्या वर्षांत तिने त्यांना पाहिलं नव्हतं. फक्त आवाज.

गेल्या जानेवारीत त्यांची बायको गेली. कॉन्सेप्टा. पंधरा दिवसांची रजा घेऊन ते परत आले. आल्या आठवड्यात त्यांना तीन स्टँडबाय लागले आणि तिन्ही वेळा फोन गेला. चौथा स्टँडबाय गुरुवारी होता, सकाळी सहा ते दुपारी दोन. दीड वाजून गेला तरी कुणी बोलावलं नाही, म्हणून त्यांनी जेवण करून अंग टेकलं असावं. पावणेदोनला एका विमानाच्या कॅप्टनला चक्कर आली. विमानाला पुढे दोन ठिकाणी जायचं होतं, गेटवर माणसं खोळंबली होती.

अस्मिताने यादी उघडली. दोघांचे तास संपलेले. तिसरा ठाण्याच्या पलीकडे राहणारा. उरले मिरांडा. संगणकाने त्यांच्या नावापुढे हिरवी खूण दाखवली. नियमाने चालत होतं.

ऑफिसच्या लाइनवर त्यांनी उचलला नाही. त्या लाइनवरचं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. मग तिने स्वतःच्या मोबाइलवरून लावला. सगळेच लावत. विनवणी करायची असली की मोबाइल.

"अस्मिता, पंधरा मिनिटं उरलीत गं माझी," ते म्हणाले.

"माहितीय कॅप्टन. पण दुसरं कुणी नाहीये."

ते म्हणाले, "खरं सांगू? तीन दिवस झोप नाही. घर खायला उठतं. आज मी फटीग टाकू का?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी असं विचारलं होतं. फटीग टाकलं, म्हणजे थकल्याचं वैमानिकाने कळवलं, की त्याला पाठवता येत नाही, हे तिला माहीत होतं. तिने फक्त "टाका" म्हणायचं होतं.

ती म्हणाली, "टाका ना, तुमचा हक्क आहे. पण मग फॉर्म, डॉक्टर, चौकशी, सगळं मागे लागतं. त्यापेक्षा ही एक फेरी करा. रविवारचा तुमचा स्टँडबाय मी काढून टाकते."

रविवारी चर्चमध्ये कॉन्सेप्टाची महिन्याची मिस्सा, तिच्यासाठीची प्रार्थना, होती. हे त्यांनीच तिला आधी सांगितलं होतं.

"नक्की काढशील?"

"शब्द देते."

"बरं. कुठे जायचं?"

दुसऱ्या ठिकाणी उतरताना, संध्याकाळी, विमान धावपट्टीवर आपटून उसळलं. सावरताना मिरांडांनी नाक जास्त वर ओढलं आणि विमानाची शेपटी धावपट्टीला घासली. एकशे सत्तर माणसं शिड्यांवरून खाली उतरली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण विमानाच्या पोटाला हातभर चीर पडली होती. मिरांडांना त्याच दिवशी उड्डाणातून काढलं. रविवार त्यांना मिळाला.

चौकशी लागली. आदल्या दिवशी अस्मिताचा साहेब सुबोध तिला पॅन्ट्रीत घेऊन गेला.

"मोबाइलवरून कशाला लावलास? अक्कल आहे का?"

"ऑफिसच्या लाइनवर उचलत नव्हते."

"थकलोय असं काही बोलला तो?"

ती नळाखाली कप विसळायला लागली. सुबोधला उत्तर कळलं.

"हे बघ, तू हो म्हणालीस तर पहिली तू जाशील, मग मी. आणि त्याचं काही वाचणार नाही. ड्यूटीआधी फिट असल्याची सही त्याने केलीय. कळतंय ना?"

दुसऱ्या दिवशी समितीच्या खोलीबाहेर तिने मिरांडांना पहिल्यांदा पाहिलं. आवाजावरून वाटले होते त्यापेक्षा बारीक, खांदे पडलेले. ती शिपायाला खोली विचारत होती, तेव्हा त्यांनी तिला आवाजावरूनच ओळखलं. "तू अस्मिता," म्हणाले आणि बाकावर सरकून तिला जागा केली. ती बसली नाही.

आत विचारलं गेलं, "कॅप्टन थकव्याबद्दल काही बोलले होते का?"

"नाही," अस्मिता म्हणाली. "नेहमीसारखेच बोलले."

मिरांडा समोर होते. ती खोटं बोलतेय असं ते म्हणतील, याची ती वाट बघत राहिली. ते टेबलाकडे बघत होते. त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "फोन आला, मी गेलो. सही माझी आहे."

परवाना सहा महिने निलंबित झाला. कंपनीने राजीनामा मागून घेतला. अस्मिताला साधा मेमोही मिळाला नाही.

मुलुंडला तिच्या घरी आई कुंदाताई आणि ती, दोघीच. आईला वाटायचं पोरीचं जेवण कमी झालंय, ते ऑफिसच्या ताणामुळे. खरं म्हणजे अस्मिताला फोन करताना घाम फुटू लागला होता. समोरचा "येतो" म्हणाला की ती विचारायची, झोप झालीय ना? वैमानिक वैतागत. सुबोध म्हणाला, "तू काय त्यांची आई आहेस?"

एप्रिलमधल्या एका शनिवारी ती वाकोल्याला गेली. चर्चमागच्या गल्लीत घर विचारत विचारत सापडलं. मिरांडा ओट्यावर कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत बसले होते.

"मी खोटं बोलले," ती उभ्यानेच म्हणाली.

"मला माहीत आहे. मी तिथेच होतो."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तू मला ओढून नेलं नाहीस. हो मी म्हटलं." कोलीममधली एक काडी बाजूला टाकून ते म्हणाले, "पण बाय, तू एकदा तरी बोलशील असं मला वाटलं होतं. ते वाटायला नको होतं."

"मी आता लिहून देते समितीला."

"तुला बरं वाटावं म्हणून लिहायचं असेल तर लिही. माझ्यासाठी नको."

तिने लिहिलं. चार पानं, तारीख-वेळेसकट. सात आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. प्रकरण बंद झालं आहे, नवीन पुरावा नाही. त्याच आठवड्यात कंपनीने तिला काढलं, कारण तिने कामाचा फोन खाजगी मोबाइलवरून केला होता. सुबोधला बढती मिळाली.

आईला तिने सांगितलं, तब्येतीमुळे नोकरी सोडली. हेही खोटंच होतं. पत्राची एक प्रत तिने वाकोल्याला पाठवली होती. ती कुरियरवाल्याने परत आणली, पाकीट न उघडलेलं, वर 'घेतलं नाही' असा शेरा.

निलंबनाची मुदत ऑगस्टमध्ये संपली. परवाना परत चालू करायला वैद्यकीय तपासणी लागते. मिरांडा तपासणीला गेले नाहीत.