चिकटलेलं पान

माझी आत्या बाइंडर. दुकानात बसायला एकच स्टूल, त्यावरही पुस्तकांची चळत आणि सगळीकडे खळीचा आंबूस वास. जीभ फटकळ. "माझ्या हातून एक पान जरी चुकलं, तर दुकानाला कुलूप लावीन," हे तिचं वाक्य आम्हा भाच्यांना तोंडपाठ होतं.

प्रार्थनागृहामागचं तळं बुजवून तिथे गाड्या लावायची सोय करायचं घाटत होतं. त्यासाठी बोलावलेल्या सभेत प्रवचनकारांनी प्रार्थनागृहाचा जुना हस्तलिखित ग्रंथ उघडला. त्याची दुसरी प्रत नाही.

"'ही जमीन, हे पाणी तुमच्या हाती सोपवलं आहे,'" त्यांनी वाचलं. "सोपवलं म्हणजे आपलं झालं. मग आडकाठी कोणाची?"

माना डोलल्या. माझीही डोलली, खोटं कशाला बोलू?

"लोक माझ्याही हाती पुस्तकं सोपवतात," आत्या उठून म्हणाली. "म्हणून ती माझी होतात होय? पुढे काय लिहिलंय ते बघू."

हा ग्रंथ तीस वर्षांपूर्वी तिनेच बांधला होता. तिने पुढे होऊन पान उलटायला चिमटीत धरलं, जरा चोळून पाहिलं आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. ती गप्प बसली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता.

"ही दोन पानं आहेत," ती म्हणाली. "खळ जास्त झाली. माझ्याच हातून चिकटलीत."

तिने चहाची उकळती किटली मागवली. शाई फुटू नये म्हणून पान वाफेपासून जरा दूर धरून तिने ते बोटाच्या पेराने सोडवलं. तेव्हा मला तिचा जो अभिमान वाटला, तो आजही वाटतो.

प्रवचनकारांनी आतलं पान वाचलं, पण आवाज खाली आला होता. "'...ते सांभाळून मागून येणाऱ्यांना जसंच्या तसं द्यावं म्हणून.'"

"म्हणजे तीस वर्षं तुमच्यामुळे आम्ही अर्धंच वाचलं!" अध्यक्ष उखडले.

"चूक माझी. उद्यापासून दुकान बंद," आत्या म्हणाली. "पण वाक्य पूर्णविरामाशिवाय मधेच तुटतंय, हे इतक्या वर्षांत एकालाही खटकू नये? आणि पान वाफेवर सुटलं. बुजवलेलं तळं कशावर सोडवाल?"

दुसऱ्या दिवशी दुकानाला खरंच कुलूप लागलं. आठवड्याने प्रवचनकार स्वतः ग्रंथ छातीशी धरून आत्याच्या दारात आले. तळं राहणार होतं आणि सैल झालेली पानं पुन्हा बांधायची होती, तिच्याच हातून.

तिने कुलूप काढलं. ती फुशारकी मात्र पुन्हा ऐकू आली नाही. आता पुस्तक हाती देताना ती गिऱ्हाइकाला एवढंच सांगते, "माझ्यावर विसंबू नका. एकेक पान उलटून बघा."