हिरवा दिवा लागल्यावर

गाडी मालकाची, चालवतात आमचे हे. विजेवरची टॅक्सी. चार्जिंग पूर्ण झाल्यावर गाडी तिथंच उभी राहिली तर दहा मिनिटांनंतर दर मिनिटाला दंड लागतो, आणि मालकाला तो त्याच्या फोनवर लगेच दिसतो. दोनदा लागला होता. तिसऱ्यांदा लागला तर चावी आणून दे, असं मालकानं सांगून ठेवलेलं.

त्या दुपारी सासूबाई दवाखान्यात होत्या. लेकानं भरवलं तरच त्या जेवायच्या, दुसऱ्यानं घास पुढं केला की तोंड मिटून घ्यायच्या. वर जायचा पास एकच. चार्जिंगची जागा दवाखान्याच्या आवारातच, म्हणून ह्यांनी गाडी लावली आणि मला आत बसवलं. वेळ दिसावी म्हणून स्वतःचा फोन माझ्याकडं दिला.

"हिरवा दिवा लागला की दारावरच्या वॉचमनला सांग. तो माईकवर पुकारतो."

मी दिव्याकडं बघत बसले. पापणी मिटायचीही भीती वाटत होती. दिवा हिरवा झाला. परक्या माणसाशी मी आपणहून कधी बोलत नाही. गाडीचं दार उघडण्यातच दोन मिनिटं गेली.

"नाव सांगा," वॉचमन म्हणाला.

मी नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नापासून कधी घेतलं नाही. इथंही लिहीत नाही.

"माझ्या पोरीचे वडील आहेत वर."

"मावशी, वर सगळे कुणाचे ना कुणाचे वडीलच हायेत. माईकवर काय ओरडू?" मागं रांगेतले लोक हसले. "बरं, पेशंटचं नाव सांगा."

सासूचं नाव तरी कसं घेणार? हातातल्या फोनवर दंडाआधीच्या मिनिटांचा आकडा उतरत होता. चार. तीन. शेवटी मी पळत गेले, गाडीचा नंबर पाठ करत परत आले आणि तोच सांगितला.

हे धावतच खाली आले. हाताला वरणभात तसाच. गाडी कुणी ठोकली, असं त्यांना वाटलं होतं. गाडी हलली तेव्हा दहावर दोन मिनिटं झाली होती.

क्रांती चौकात मालकाचा फोन आला. हे म्हणाले, "बायकोला बसवलं होतं, शेठ. लई लाजाळू हाय." फोन स्पीकरवर होता. मी पदर मुठीत धरून बसले.

"ही शेवटची वेळ," मालक म्हणाला. "पुढं ऐकणार नाय."

सासूबाईंचं ताट अर्धंच राहिलं होतं. उद्याही जायचं आहे.

आता भांडी घासताना मी ह्यांचं नाव म्हणून बघते. पहिल्या अक्षरापर्यंत येते, आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून दाराकडं बघते.