चिंधूभाऊ खुर्चीवर बसले

वडनेरला आमच्या शेजारी राहणाऱ्या चिंधूभाऊंचा साऊंडचा धंदा. बारसं असो, लग्न असो, की विहारातला कार्यक्रम, भोंगा त्यांचाच. माणूस लाखात एक, पण कार्यक्रमात ते खुर्चीवर टेकलेले मी कधी पाहिले नाहीत. गाणं कोणतं लागलंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. त्यांचे कान फक्त हमिंग शोधायचे, म्हणजे तार सैल झाली की स्पीकरमधून येते ती घूंऽऽ. ती ऐकली की भाऊ भरल्या ताटावरून उठत.

त्यांची मुलगी रोशनी वर्ध्याला बँकेत आहे. उरलेल्या वेळात ती गिटार आणि लॅपटॉपवर संगीत करते. त्यात शब्द नाहीत, ढोलकी नाही. नुसते लांब, संथ सूर आणि मधूनच गिटारीची एखादी तार. तिनं मला हेडफोनवर ऐकवलं आणि खरं सांगते, माझं तापलेलं डोकं जागेवर आलं.

"लोकायले ऐकव ना," मी म्हटलं.

"आधी बाबायले आवडलं पायजे, काकू. तेही त्यायच्या मोठ्या स्पीकरवर. त्यायले नाई आवडलं तं पुन्हा कोणालेच नाई ऐकवणार."

बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटणं सुरू झालं आणि तिनं पेनड्राइव्ह लावला. पहिला सूर निघाला, मंद आणि लांबलचक. भाऊंनी हातातला द्रोण खाली ठेवला आणि ते धावले. ही तार हलव, ती पिन पूस, अर्थिंगच्या सळईवर तांब्याभर पाणी ओत. आवाज काही जाईना. शेवटी त्यांनी वायरच उपटली.

"काऊन काढली, बाबा?" रोशनीनं विचारलं.

"हमिंग येऊन राह्यली होती. तुह्या संगीताचा पार सत्यानाश झाला असता."

"ते हमिंग नाई, बाबा. ते मीच बनवलं हाय."

आम्ही हसून हसून खीर सांडली. भाऊ मात्र हसले नाहीत. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी वायर जोडली.

"पुन्हा लाव बेटा. पयल्यापासून."

आणि खुर्ची ओढून ते बसले. चक्क बसले. गिटार आली तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले, तर समोर रोशनी पदराचं टोक पिळत उभी.

"माह्या स्पीकरमधून इतकं गोड निघते, मलेच मालूम नव्हतं," ते म्हणाले. "अजून एक डाव लाव."

तेव्हा ती रडली, आणि मीही. आनंदानंच.

पुढच्या महिन्यात आंजीला एका लग्नात पंगत बसली होती आणि भाऊंनी तेच संगीत लावलं होतं. नवरदेवाचा काका तरातरा त्यांच्याकडे आला.

"चिंधूभाऊ, मशीनले हमिंग येऊन राह्यली नं."

भाऊ खुर्चीवरून हलले नाहीत.

"येऊ द्या," ते म्हणाले. "माह्या पोरीची हाय."